मन्मथचा दम

वन्सं, काल तुमचा तेरावा झाला. जेवणावळ उठली, पाहुणे गेले, आत्याबाई लेकीच्या दुःखानं माजघरात भिंतीकडं तोंड करून पडल्या. तेरा दिवस जो येत होता तो एकच म्हणत होता, "सुटली बिचारी." मी पाट मांडता मांडता ऐकत होते. एकदा वाटलं, एखादीला विचारावं, कशातून सुटल्या हो? पण या घरात मी कधी काही वेळेवर बोललेय, की आताच बोलणार होते!

दहाव्याला कावळासुद्धा पहिल्या हाकेला शिवला. ह्यांनी घरी येऊन सांगितलं तेव्हा सगळ्या बायकांनी हात जोडले. बाईची काही इच्छा राहिली नव्हती, म्हणाल्या. मला मात्र धक्का बसला. तुम्ही अडून बसाल असं मला वाटलं होतं. मन्मथच्या हुतूतूतल्या त्या चढाईचा निकाल लागल्याशिवाय तुम्ही पिंडाकडं ढुंकूनही बघणार नाही, असं मी मनाशी धरून चालले होते. सहा वर्षं आपण दोघी त्या एका चढाईवरून भांडलो. भाकरी थापताना भांडलो, धुणं वाळत घालताना भांडलो. आणि तुम्ही तो वाद तसाच टाकून निघून गेलात. राग आला मला तुमचा. अजून आहे.

मी या घरात आले तेव्हा पंधराची होते आणि दिवसभर रडत असायची. नांदेडला आमच्या घरामागं गोदावरी, आणि इथं लातूरला गावविहिरीवरचा रहाट. तुम्ही ह्यांच्या थोरल्या बहीण. अकराव्या वर्षी कुंकू पुसून माहेरी परत आलात, आणि मी पाहिलं तेव्हा तिशी गाठलेली, अंगावर लाल आलवण, तोंडात शब्द नाही, हातात सतत काम. मला तुमची भीतीच वाटायची. पहिल्याच उन्हाळ्यात एका दुपारी तुम्ही मला हाक मारलीत, "ए नांदेडकरणी, रडून झालं असंल तर चल वर. कुरडया काढायच्यात."

"वन्सं, त्या अजून ओल्या आहेत," मी म्हटलं.

"ओल्या हायत ते मलाबी कळायलंय. चल गप."

शिडी चढून माळवदावर गेलो. तुम्ही कुरडयांकडं पाहिलंसुद्धा नाही. कठड्याला पाणी जायला ठेवलेली दोन मोठी भोकं होती, त्यातल्या एकापाशी तुम्ही मांडी घालून बसलात आणि दुसरं मला दाखवलंत. त्यातून शाळेमागचं पटांगण सगळं दिसत होतं. फक्कीनं आखलेल्या रेषा, दोन्हीकडं सात-सात गडी, आणि भोवती हे एवढं गाव. एक गडी हुतूतू म्हणत पलीकडं शिरला आणि तुमची मूठ वळली. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की तुमच्यात जीव आहे.

खेळ तुम्हीच मला शिकवलात. एका दमात पलीकडं जायचं, शिवायचं, आणि दम न तोडता मधल्या रेषेला परत लागायचं. मधेच दम तुटला की तो गडी बाद. वरून हुतूतूचा आवाज कुठला ऐकू यायला, खाली सगळा कल्लोळ. मी गड्यांच्या पायांकडं बघत बसायची आणि तुम्ही माझ्या पाठीत धपाटा घालायचात. "पाय काय बघायलीस? छाती बघ. छाती हलली की दम गेला." लहानपणी तुम्ही भावांबरोबर परसात खेळायचात, आणि तुमच्याइतका दम आळीत कुणाचा नव्हता, हे तुम्ही मला फार उशिरा सांगितलंत. मी खोटं मानलं, तर तुम्ही पदर खोचून तुळशीपासून गोठ्यापर्यंत जाऊन परत आलात, ओठातल्या ओठात हुतूतू म्हणत, कमरेवर भरलेली घागर घेऊन. मी तोंडात बोळा कोंबून हसले. तुम्हाला धाप म्हणून लागली नव्हती.

त्या उन्हाळ्यापासून आपल्या घरात कुरडया, सांडगे, पापड यांना काही सुमारच राहिला नाही. सामना असला की आपलं वाळवण निघालंच. आत्याबाई शेजारणींना कौतुकानं सांगायच्या की दोघींना कामाचा उरक भारी. सांडगे इतके झाले की भर श्रावणात आपण सांडग्यांची भाजी खात होतो, आणि मामंजी एकदा ताटावरून म्हणाले, "ह्या घरात दुसरं काही शिजत न्हाई का?" तुम्ही खाली मान घालून वाढत राहिलात. तुमच्या कंबरेला तेव्हा चिंचोक्यांची पुरचुंडी होती. सात चिंचोके लातूरचे, सात कवड्या समोरच्यांच्या. गडी बाद झाला की एक बाजूला सारायची, जिवंत झाला की परत आत. एक कवडी फुटकी होती, तिला तुम्ही नेहमी सगळ्यांत आधी बाद करायचात, खरा गडी कोण का बाद होईना. पक्षपात तुमच्या अंगातच होता.

आणि मग ते साल आलं. सभेला परवानगी मिळायची नाही, मेळ्याला मिळायची नाही, पण हुतूतूच्या सामन्यांना साहेबलोक स्वतः खुर्ची टाकून बसायचे, म्हणून सगळं गाव तिथं लोटायचं. त्या वर्षी गावोगावचे संघ आले. हरला तो घरी, असे सामने. लातूरनं शिरूर अनंतपाळला उडवलं, मग उदगीरशी गाठ पडली. उदगीरचा तो सामना आठवतो ना? लातूरचे चिंचोके एकेक करत सगळे बाजूला गेले, एकटा मन्मथ राहिला. मन्मथ जिनिंगमध्ये कामाला होता, दिवसभर कापसाच्या गठड्या उचलायचा आणि संध्याकाळी खेळायला यायचा. त्यानं एका मागून एक तीन चढायांत पाच गडी मारले. शेवटच्या चढाईला तुम्ही माझं मनगट असं धरलंत की दुसऱ्या दिवशी तिथं निळं पडलं होतं. लातूर जिंकलं तेव्हा तुम्ही आलवणाचा पदर तोंडात कोंबला आणि माळवदावर आडव्या पडून हसलात, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. कुरडयांचा चुरा झाला तुमच्या पाठीखाली. तेवढं मोठ्यानं हसताना मी तुम्हाला आधी पाहिलं नव्हतं, नंतर तर नाहीच.

दुसरीकडून अहमदपूरला हरवून नांदेड आलं. अंतिम सामना लातूर आणि नांदेडचा.

मला दोन वर्षांत माहेरी पाठवलं नव्हतं. लग्नाला तीन वर्षं झाली तरी कूस उजवली नव्हती, आणि आत्याबाईंच्या बोलण्यात ह्यांच्या दुसऱ्या लग्नाची भाषा अधूनमधून यायला लागली होती. एकदा पाठवली की परत आणायची नाही, असंही मी दाराआडून ऐकलं होतं. त्या दिवशी सकाळी नांदेडच्या गड्यांची मोटार आपल्या दारावरून गेली. त्यातला एक जण दुसऱ्याला ओरडून म्हणाला, "अबे, काय करलालास तू तिथं?" बस, एवढंच. आमच्या गल्लीतला बोलतोय असं वाटलं मला. चुलीपुढं बसून मी रडले. तुम्ही विचारलंत, मी धूर म्हणून सांगितलं.

"आज नांदेडकरणीचं काही खरं न्हाई," तुम्ही चिडवलंत, "चार वाजता तुझ्या कवड्या पुसून टाकीन बघ."

"बघू की," मी म्हटलं.

एक डाव लातूरनं घेतला, एक नांदेडनं. तिसऱ्यात दोन्हीकडचे गडी असे गळत गेले की शेवटी नांदेडचे तीन आणि लातूरचा मन्मथ उरला. चढाई मन्मथची. त्यानं शिरता शिरता एकाला शिवलं, मागं वळताना दुसऱ्याला लाथेनं शिवलं, आणि रेषा दोन हातांवर असताना तिसऱ्यानं त्याचा पाय धरला. मग बाकीचे दोघंही अंगावर पडले. मन्मथ पालथा पडला, आणि तिघांना ओढत हात पुढं टाकत राहिला. त्याची बोटं रेषेला लागली. दम शाबूत असेल तर तिघंही बाद आणि लातूर जिंकलं. दम तुटला असेल तर लातूरचा शेवटचा गडी गेला. पंच निलंग्याचे कवायतीचे मास्तर होते. ते गुडघ्यावर बसले, कान खाली लावला, उठले, आणि शिट्टी तोंडात धरून नुसते उभे राहिले. त्यांना ठरवता येईना. एवढं मोठं पटांगण, आणि एकदम सगळे गप्प.

तेव्हा मी ओरडले, "दम तुटला! दम तुटला!"

उभी राहून ओरडले. तुम्ही झटक्यानं उठलात, माझं तोंड दाबलंत आणि मला कठड्याखाली ओढलंत. मी खाली गेले, तुम्ही उभ्या राहिलात. खालच्या हजार माणसांनी मान वर केली तेव्हा त्यांना आपल्या वकील मामंजींच्या माळवदावर फक्त एक लाल आलवण दिसलं. पंचांनी वर पाहिलं, शिट्टी फुंकली आणि हात नांदेडकडं केला.

मामंजी पटांगणात साहेबांच्या शेजारच्या खुर्चीवर बसले होते. ते पंचांशी भांडले म्हणतात. मास्तर म्हणाले, "वकीलसाब, मला बी कळंना झालं होतं. पण आवाज तुमच्याच घरून आला. आपल्याच गावाविरुद्ध कोण खोटं बोलंल?" मामंजींनी आयुष्यभर अदालतीत हेच सांगितलं होतं, की आपल्या माणसाविरुद्धची गवाही सगळ्यांत पक्की. ते तसेच खुर्चीवरून उठले. वकिलांची सून नांदेडची आहे हे त्या मास्तरांना कुठं ठाऊक असणार!

मामंजी घरी आले ते चपला घालूनच माजघरात. "कोण ओरडलं?"

मी खांबाला टेकून उभी होते. वन्सं, मी देवाशपथ सांगते, मी तोंड उघडणार होते. पण आत्याबाई माझ्याकडं बघत होत्या, आणि मला आमच्या नांदेडच्या घराची पायरी दिसली, पेटी घेऊन त्या पायरीवर बसलेली मी दिसले. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "मी."

"तू?"

"हाव. मी वरडले. दम तुटला होता, म्हणून सांगितलं."

त्यांनी तुमच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं, मग पागोटं काढून खुंटीला अडकवलं. "उद्यापासून शिडी गोठ्यात," एवढंच बोलले.

शिडी गोठ्यात गेली, वर आडव्या खुंट्यांवर. वाळवण अंगणात यायला लागलं. गावानं महिनाभर आपल्या घराचं नाव घेतलं. पाणी आणायला निघालात की मागून आवाज यायचा, "ती बघा, नांदेडची पंच." तुम्ही! पोर असल्यापासून लातूरचा एक सामना न चुकवलेल्या तुम्ही. लातूर हरलं तर दोन दिवस ज्यांच्या घशाखाली घास उतरत नव्हता, त्या तुम्ही गावासाठी घरभेदी ठरलात. घागर घेऊन तशाच ताठ चालत यायचात. विहिरीवरच्या बायकांनी एकदा तुमचा दोर बाजूला फेकला. तोही तुम्ही उचललात आणि पाणी भरून घेतलंत.

मी तुमच्या पायांवर पडले होते, दुसऱ्याच दिवशी, गोठ्यात. "का केलंत वन्सं? मी सांगते मामंजींना."

"खुळी हायस का? तुला पाठवून देतील. मला कुठं पाठवणार हायत? माझं जायचं ते सगळं आधीच गेलंय." आणि मग तुम्ही ते बोललात, जे माझ्या उरावर बसलंय. "आन् हे बघ. तुला ऐकू आलं ते तू बोललीस. माहेरचं-सासरचं बघितलं न्हाईस. खेळात खरं बोलायला गुन्हा न्हाई. तू लबाड असतीस तर मी मधे पडले नसते."

मी खाली वाकून शेण गोळा करायला लागले.

"पण दम तुटला नव्हता गं," तुम्ही लगेच म्हणालात. "मी त्याची पाठ बघत होते. पाठ हलली न्हाई."

"तुटला होता," मी म्हटलं. आणि तिथून आपलं भांडण सुरू झालं.

त्यानंतरची सहा वर्षं तुम्ही सामने परसातून ऐकलेत. उन्हाळा आला, पटांगणावर गर्दी जमली की तुम्ही गोठ्याच्या भिंतीला पाठ लावून बसायचात, पुढं चिंचोके आणि कवड्या. नुसत्या गलक्यावरून गडी हलवायचात. "हा लातूरचा गेला. हे हसले म्हणजे समोरचा रेषेबाहेर पळाला. आता बघ, मन्मथ निघाला, लोक गप झाले." संध्याकाळी हे सामना बघून यायचे आणि जेवताना सांगायचे, आणि तुमचं सगळं बरोबर निघायचं, गड्यागणिक. मी वाढता वाढता तुमच्याकडं बघायची. तुमच्या चेहऱ्यावर काही दिसायचं नाही. पानावर मीठ वाढताना मात्र तुम्ही बोटानं खूण करायचात, बघ, म्हटलं नव्हतं?

सामना नसला की वाद. तुमचं एकच, पाठ हलली नाही. माझं एकच, मी ऐकलं. "माळवदावरून ऐकू येतं व्हय?" तुम्ही म्हणायचात. आणि मग स्वतःच माघार घ्यायचात, "असंल बाई. तुझे कान तरणे हायत." तुम्ही अशी माघार घेतली की मला तोंड वर करता यायचं नाही. शपथेवर सांगा म्हणाला असतात तर कदाचित मी मोडले असते. तुम्ही कधीच म्हणाला नाहीत.

मला या घरात जे मिळालं ते सगळं तुम्ही दिलेलं आहे. दुसऱ्या लग्नाची भाषा बंद पडली, कारण तुमच्या बदनामीत माझ्याकडं बघायला कुणाला वेळच नव्हता. दोन वर्षांनी यमू झाली. तिला तुम्ही आंघोळ घातलीत, तिचा दात तुम्ही पहिल्यांदा पाहिलात. ती चालायला लागली तेव्हा तुम्ही तिला तुळशीपासून गोठ्यापर्यंत हुतूतू म्हणत न्यायचात. मी सैपाकघरातून बघायची आणि मनात म्हणायची, आज सांगते. आज ही निजली की सांगते. असं मी किती वेळा म्हटलं असेन, वन्सं.

यंदा सामने झालेच नाहीत. गावात कुणाचा कुणावर भरवसा राहिला नाही, दंग्याच्या भीतीनं निम्मी घरं कुलूप लावून छोट्या आगगाडीनं हद्दीपलीकडं बार्शीकडं निघून गेली, पटांगणावर गवत वाढलं. तुम्ही तरी रोज चार वाजता परसात जाऊन बसायचात आणि रिकाम्या भिंतीकडं कान लावायचात. "कोणीच न्हाई गं खेळायला," एक दिवस म्हणालात, आणि चिंचोके पुरचुंडीत बांधलेत. त्याच आठवड्यात ताप आला.

चौदा दिवस ताप उतरला नाही. वैद्यबुवा येऊन जायचे, काढा द्यायचे, नजर चुकवायचे. बाराव्या दिवशी दुपारी तुम्ही शुद्धीवर होतात. मी तुमच्या कपाळावर ओली घडी ठेवत होते. तुम्ही माझा हात बाजूला केलात.

"नांदेडकरणी, एक विचारू? आता मी कुणाला सांगायला जाणार न्हाई."

"विचारा की."

"मन्मथचा दम. तुला खरंच ऐकू आला होता का गं?"

माझ्या हातातली घडी टपटप गळत होती. तुम्ही माझ्याकडं बघत होतात. डोळे खोल गेले होते, पण छाती बघ म्हणणारे तेच डोळे. त्यांना सगळं दिसतं असं मला वाटत आलंय. तुम्हाला हो हवं होतं की नाही हवं होतं, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. सहा वर्षं तुम्ही ज्यासाठी घरात बसलात, ते खोटं होतं असं त्या क्षणी सांगायची माझी छाती झाली नाही. की मी नेहमीसारखी स्वतःलाच वाचवत होते, देव जाणे.

"हो," मी म्हटलं.

"मग असंल," तुम्ही म्हणालात आणि डोळे मिटलेत. त्यानंतर तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. चौदाव्या दिवशी दुपारी, यमू अंगणात असताना, गेलात.

बाजार चार दिवस बंद होता. तिरडीला बांबू कुठं मिळेना. ह्यांचे चुलतभाऊ गोठ्यात गेले आणि शिडी काढून घेऊन आले. "हीच चालंल की. दोन्ही बांबू सरळ हायत," म्हणाले. मी सैपाकघराच्या दारात उभी होते. त्यांनी अंगणात शिडी आडवी टाकली, वरच्या दोन पायऱ्या कापल्या, मधे कामट्या बांधल्या, आणि तुम्हाला तिच्यावर निजवलं. सहा वर्षांनी शिडी खाली आली ती अशी. मी ओरडले नाही. ओरडायचं तेव्हा ओरडून झालं होतं माझं.

तुम्हाला नेताना वाट जिनिंगच्या फाटकावरून होती. पाळी सुटली होती, माणसं कडेला उभी राहिली. त्यांत मन्मथ होता. आता तो खेळत नाही, गुडघा गेलाय त्याचा. त्यानं ह्यांना विचारलं, "ह्याच का त्या बाई?" ह्यांनी मान हलवली. मन्मथनं हात जोडले. "लई वर्सं झाली, मालक. मी माफ केलं म्हनावं त्यान्ला."

हे मला ह्यांनी घरी आल्यावर सांगितलं, आंघोळ करून, अंग पुसता पुसता. मी तिथंच खाली बसले. मग जे सहा वर्षांत जमलं नाही ते बोलले. "त्या दिवशी ओरडले ती मी होते. वन्सं नव्हत्या."

"ठाऊक हाय," हे म्हणाले.

मला ऐकून समजलंच नाही. "कुणाला?"

"मला. दादांना. त्यांनी तर आवाज खुर्चीवरच ओळखला होता. पन तिनं आपल्यावर घेतलं, आन् दादांनी घेऊ दिलं. सून परत पाठवायची म्हणजे दोन गावांत तोंड काळं. ताईचं काय, ती घरातलीच." पंचा पिळून त्यांनी दोरीवर टाकला. मी विचारलं, मग आज मन्मथला तरी का नाही सांगितलंत. ते म्हणाले, "आता काय उपयोग?"

म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं, वन्सं. मामंजींना, ह्यांना, आणि कोण जाणे, आत्याबाईंनाही असेल. एका घरात इतकी माणसं, रोज तुमच्या हातचं जेवत होती, आणि एकानंही ती शिडी खाली काढली नाही. तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात असं मला वाटत होतं, आणि या घराला त्या खोट्याची माझ्याहून जास्त गरज होती. माझा कबुलीजबाब त्यांनी दोरीवर पंचा टाकावा तसा टाकून दिला. आता तो ऐकायला कुणी उरलं नाही.

तरी एक गोष्ट या घरात कुणालाच ठाऊक नाही. ती सांगायला म्हणून मी हे लिहायला बसलेय. तुमची पुरचुंडी सोडलीय, चिंचोके एका बाजूला मांडलेत, कवड्या दुसऱ्या बाजूला, फुटकी कवडी तुमच्या रिवाजाप्रमाणं आधीच बाजूला काढलीय. परसात ऊन आहे. पटांगणाकडून काही आवाज येत नाही.

मला काही ऐकू आलं नव्हतं. माळवदावरून कुणालाच काही ऐकू येत नाही, हे तुम्हीच मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. मी छातीही पाहिली नाही, पाठही पाहिली नाही. मी फक्त त्या तीन नांदेडच्या गड्यांकडं बघत होते, आणि माझ्या गावानं हरून माझ्या दारावरून परत जाऊ नये असं मला वाटत होतं. मी खरं बोलले म्हणून तुम्ही मधे पडलात. मी खोटं बोलले होते.

तुम्ही पाठ बघत होतात. तुम्ही बघितलं ते कधी चुकलं नाही. वन्सं, त्या दिवशी लातूर जिंकलं होतं.